वरचा आकडा काय सांगतो?

ईदच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. जेवणे आटोपलेली, शीरखुर्म्याच्या वाट्या अजून तिथेच पडलेल्या. कुणीतरी कपाटावरून बीपीचे मशीन काढते आणि मग एकेकाच्या दंडाला पट्टा बांधण्याचा खेळ सुरू होतो. मुलांचे होते, जावईबापूंचे होते. शेवटी पाळी येते दादीची. मशीन गुरगुरते, पट्टा फुगतो, सैल होतो आणि आकडे उमटतात : 166 आणि 68.

“अगं बाई, एकशे सहासष्ट!” सून दचकते.

“खालचा किती आहे?” चाचा विचारतात.

“अडुसष्ट.”

“मग काही नाही. खालचा चांगला आहे. आणि दादीचे वय सहासष्ट. शंभर अधिक वय, एवढे बीपी चालतेच. आमच्या वेळचे डॉक्टर हेच सांगायचे.”

हिशेब तंतोतंत जुळल्यामुळे सगळे निर्धास्त होतात. मशीन पुन्हा कपाटावर जाते.

असे घर आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. कदाचित ते आपलेच असेल. चाचांनी सांगितलेला नियम त्यांच्या मनचा नाही. एके काळी डॉक्टर मंडळी खरोखरच तसे मानत असत. वरचा आकडा वयाबरोबर वाढायचाच, धोका काय तो खालच्या आकड्यात, असा समज अनेक वर्षे होता. आज तो समज वैद्यकशास्त्राने सोडून दिला आहे. आपल्या घरांतून मात्र तो अजून गेलेला नाही. 166 आणि 68 या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, तेच दादीच्या धमन्यांविषयी काही सांगत असते. ते काय, हे समजून घेऊ या.

धमनी म्हणजे नुसती नळी नव्हे

हृदय रक्त सतत ओतत नाही, धक्क्याधक्क्याने फेकते. एक ठोका पडतो, रक्ताचा एक घोट महाधमनीत येतो, मग हृदय क्षणभर विसावते. तरीही मेंदूला, मूत्रपिंडांना, बोटांच्या टोकांना रक्त अखंड मिळत राहते. ही किमया महाधमनीच्या लवचिकपणाची आहे. हृदयाने घोट फेकला की ती फुगते आणि त्यातला काही भाग आपल्या पोटात साठवून घेते. हृदय विसावले की ती आकसते आणि साठवलेले रक्त पुढे ढकलते. धक्का ती स्वतः सोसते आणि पुढच्या बारीक वाहिन्यांना संथ प्रवाह देते. गाडीच्या स्प्रिंगा जसे रस्त्याचे खड्डे आपल्या अंगावर घेतात, तसेच हे काम.

धमनीच्या भिंतीत हे काम करणारा एक रबरासारखा धागा असतो, त्याला इलॅस्टिन म्हणतात. शरीर तो मुख्यतः लहानपणी विणते. पुढे आयुष्यभर त्याच विणीवर काम भागवायचे असते. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाचे एक लाखाहून अधिक होतात. साठ वर्षांचा हिशेब दोनशे कोटींच्या पुढे जातो. एवढ्या वेळा ताणला गेलेला धागा विरणारच. तो विरतो तसा त्याचा भार कोलॅजेन नावाच्या दणकट पण न ताणणाऱ्या धाग्यांवर येतो. काही ठिकाणी भिंतीत कॅल्शियमही साचते. लवचिक नळी हळूहळू ताठर होते.

इथे एक गल्लत टाळायला हवी. धमनीच्या आत चरबीचे थर बसून ती अरुंद होणे हा एक आजार आहे. आपण ‘ब्लॉकेज’ म्हणतो ते हेच. भिंत ताठर होणे ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही पुष्कळदा बरोबर येतात, पण धमनी आतून मोकळी असूनही ताठर असू शकते. म्हणून ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ एवढ्यावर ताठरपणाचा प्रश्न निकाली निघत नाही.

धमनी ताठर झाली की काय होते? हृदयाचा धक्का झेलायला कोणी उरत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. विसाव्याच्या वेळी पुढे ढकलायला साठवलेले रक्त कमी, म्हणून खालचा आकडा उतरतो. दोन्हींतले अंतर रुंदावते. 120 आणि 80 मध्ये 40 चे अंतर असते. दादीच्या 166 आणि 68 मध्ये ते 98 आहे. पन्नाशी-साठीनंतर वरचा वाढत जाणे आणि खालचा घटत जाणे ही चाल डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीची आहे. चाचांना ज्या खालच्या आकड्याने दिलासा दिला, तो धमनी ताठरल्यामुळेच खाली आलेला असू शकतो.

न झेललेला धक्का कुठेतरी जाऊन आदळतोच. त्याचा पहिला मारा हृदयावर होतो. दर ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, त्यामुळे त्याचे स्नायू जाड होतात. दुसरा मारा मेंदू आणि मूत्रपिंडांवर. या अवयवांना रक्त भरपूर लागते आणि त्यांच्या बारीक वाहिन्या हे दणके सहन करण्यासाठी बनलेल्याच नाहीत.

पाटण्याच्या माणसाचा नातू

ही गोष्ट सर्वप्रथम ज्यांच्या लक्षात आली, त्यांपैकी एकाचे नाव आपल्या वाचकांना माहीत असायला हवे : फ्रेडरिक अकबर मोहम्मद.

त्याचे आजोबा दीन मोहम्मद 1759 मध्ये पाटण्यात जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर फिरले, 1784 मध्ये आयर्लंडला गेले, तिथे लग्न करून राहिले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण मोहम्मद हे नाव घराण्यात टिकले. 1794 मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापले गेले. इंग्रजीत पुस्तक लिहिणारे ते पहिले भारतीय मानले जातात. 1810 मध्ये त्यांनी लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचे हॉटेल काढले. ते चालले नाही. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्यांनी वाफेचे स्नान आणि चंपी-मालिश सुरू केली आणि तिथे खुद्द इंग्लंडच्या राजाची मर्जी संपादन केली.

त्यांचा हा नातू 1849 मध्ये ब्रायटनलाच जन्मला. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये तो वैद्यक शिकला. त्या काळी दंडाला बांधायचा पट्टा नव्हता. तो पुढे 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोचींनी आणला. नाडीची लहर काजळी धरलेल्या कागदावर उमटवणारे एक यंत्र मात्र होते. फ्रान्सच्या मारे यांनी ते 1860 मध्ये तयार केले होते. अकबर मोहम्मदने विद्यार्थी असतानाच त्यात सुधारणा केली. नाडीवर किती दाब द्यावा लागतो हे त्या यंत्रावर मोजता येईल अशी सोय केली. मग तो रुग्णांच्या नाडीचे आलेख जमवत बसला.

तोवर डॉक्टर असे मानत की नाडी कठीण लागणे हे मूत्रपिंडाच्या आजाराचे लक्षण. अकबर मोहम्मदला दिसले की मूत्रपिंड ठीक असलेल्या, हिंडत्या-फिरत्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसांच्या नाडीतही तोच जादा दाब असतो. म्हणजे दाब आधी वाढतो आणि अवयव नंतर बिघडतात. वय वाढते तसे नाडीच्या लहरीचे रूप बदलते, हेही त्याने टिपले. ज्याला आज आपण ‘बीपीचा आजार’ म्हणतो, त्याची ही सुरुवातीची स्पष्ट ओळख होती.

1884 मध्ये विषमज्वराने तो गेला. वय अवघे 35. पुढे दंडाचा पट्टा आला. दोन आकडे मिळाले, तसे नाडीची लहर बघणे मागे पडले आणि त्याचे कामही विसरले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संशोधक पुन्हा नाडीच्या लहरीकडे वळले, तेव्हा त्यांना त्याची आठवण झाली.

लहरीचा वेग

मनगटाला बोट लावल्यावर जो ठोका लागतो, तो म्हणजे हृदयातून निघालेले रक्त नव्हे. रक्त बरेच मागे असते. धमनीच्या भिंतीतून धावत आलेली ती लहर असते. या लहरीचा वेग भिंतीच्या लवचिकपणावर ठरतो, हे थॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1808 मध्येच मांडले होते. 1922 मध्ये ब्रॅमवेल आणि हिल या दोघांनी ते माणसाच्या धमन्यांच्या बाबतीत दाखवून दिले. नियम सोपा आहे : भिंत जेवढी ताठर, लहर तेवढी वेगवान.

आज तपासणी याच नियमावर होते. मानेवरच्या नाडीशी एक आणि जांघेतल्या नाडीशी एक, असे दोन संवेदक लावतात. दोन्हींमधले अंतर मोजतात, लहर पोचायला लागलेला वेळ मोजतात आणि भागाकार करतात. सुई नाही, दुखणे नाही. काही यंत्रांत दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधून हेच काम करतात. निरोगी तरुणात हा वेग सेकंदाला साधारण पाच-सहा मीटर असतो. मान-जांघ पद्धतीने तो दहा मीटरच्या वर गेला तर धमन्या धोकादायक इतक्या ताठर झाल्या, असे 2012 पासून तज्ज्ञ मानतात.

या आकड्याला वजन कुठून आले? अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात 1948 पासून पिढ्यान्पिढ्या लोकांच्या हृदयाची नोंद ठेवली जात आहे. तिथल्या 2232 जणांच्या लहरीचा वेग मोजून पुढे सुमारे आठ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. 2010 मध्ये निष्कर्ष आले : वय, बीपी, मधुमेह, धूम्रपान वगैरे सगळे हिशेबात धरूनही ज्यांचा वेग जास्त, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका जास्त. त्याच वर्षी 17 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. वेग सेकंदाला एक मीटरने वाढला की असा धोका सुमारे 14 टक्क्यांनी वाढलेला आढळला.

फ्रेमिंगहॅमचीच आणखी एक पाहणी 2012 मध्ये आली आणि ती आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. प्रश्न असा होता की आधी बीपी वाढते आणि त्याने धमनी ताठर होते, की आधी धमनी ताठर होते? तिथे दिसले की ज्यांच्या धमन्या सुरुवातीला ताठर होत्या, त्यांचे बीपी पुढे काही वर्षांत वाढले. उलट, सुरुवातीच्या बीपीवरून पुढचा ताठरपणा सांगता आला नाही. म्हणजे मशीन ‘हाय’ दाखवते तोवर धमन्यांचे काम बऱ्याच वर्षांपासून सुरू झालेले असू शकते. आजाराची चाहूल म्हणतात ती हीच.

मग सगळ्यांनी ही तपासणी करावी का?

नाही. ती सर्रास करायला डॉक्टरही सांगत नाहीत आणि मोठ्या शहरांबाहेर ती फारशी मिळतही नाही. तिच्यासाठी पदरचे पैसे घालवून धावाधाव करण्याची गरज नाही. आपल्या घरात आधीच एक खिडकी आहे : बीपीचे मशीन आणि त्यावरच्या दोन आकड्यांमधले अंतर. वयस्कर माणसात हे अंतर शांतपणे बसून घेतलेल्या मोजणीत वारंवार 60 किंवा त्याहून जास्त येत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायला हवे. अंतर वाढण्याला रक्तक्षय, थायरॉइडचा त्रास, हृदयाची गळकी झडप अशी इतर कारणेही असतात. म्हणून निदान आपण करायचे नाही. आपले काम नोंद ठेवण्याचे.

मोजायचे कसे, हे नीट सांगायला हवे, कारण ईदच्या गर्दीत घेतलेला आकडा खरा नसतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना चढणे नको. लघवी करून यावे. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, कुर्त्याच्या किंवा बुरख्याच्या बाहीवरून नव्हे. घट्ट बाही वर सरकवून दंड आवळूही नये. हात टेबलावर छातीच्या पातळीत ठेवावा. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यावे. सकाळ-संध्याकाळ असे आठवडाभर घेऊन तारखेसह वहीत लिहावे. घरी घेतलेल्या मोजणीची सरासरी 135 आणि 85 च्या वर जात असेल, म्हणजे दोन्हींपैकी एक जरी आकडा वर असेल, तरी डॉक्टरांना दाखवावे.

आणि चाचांचा ‘शंभर अधिक वय’ हा नियम? त्याला उत्तर 1991 मध्येच मिळाले आहे. अमेरिकेत साठी ओलांडलेल्या 4736 जणांवर एक मोठी चाचणी झाली. सगळ्यांचा वरचा आकडा 160 किंवा त्याहून जास्त आणि खालचा 90 च्या आत. थेट आपल्या दादीसारखे. अर्ध्यांना स्वस्तातल्या लघवीच्या गोळीपासून उपचार सुरू केले, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. साडेचार वर्षांच्या सुमारास उपचार घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण 36 टक्क्यांनी कमी निघाले. खालचा आकडा चांगला असताना नुसता वरचा आकडा खाली आणण्याचा एवढा फायदा झाला.

आपल्या हातात काय आहे?

वय थांबवता येत नाही. विरलेले इलॅस्टिन पुन्हा विणता येत नाही. तरी ताठरपणाची गती आपल्या हाताबाहेर नाही.

पहिली गोष्ट मीठ. चीनमध्ये 1980 च्या दशकात जास्त मीठ खाणारे बीजिंग आणि कमी मीठ खाणारा ग्वांगझोऊजवळचा ग्रामीण भाग यांची तुलना झाली. दोन्हीकडे वयाबरोबर धमन्या ताठर होत होत्या, पण कमी मिठाच्या भागात ती गती कमी होती. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा पूर्ण भरू नये इतके. भाजीतले मीठ आपण मोजतो. पण लोणचे, पापड, सुकट, खारे बोंबील, बेकरीची खारी, फरसाण, बाजारचे कबाब आणि सूप-नूडल्सच्या पुड्यांतले मीठ मोजत नाही. दस्तरखानावर वेगळी मिठाची वाटी ठेवणे बंद करणे ही सुरुवात सगळ्यात सोपी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये, त्यात पोटॅशियम असते.

दुसरी गोष्ट चालणे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पन्नाशीच्या आसपासच्या बैठे काम करणाऱ्या निरोगी पुरुषांना तीन महिने नियमित व्यायाम दिला. व्यायाम म्हणजे मुख्यतः भरभर चालणे. त्यांच्या मानेच्या धमनीचा लवचिकपणा मोजण्याइतका सुधारला. आपल्याकडे पुरुष निदान मशिदीपर्यंत, बाजारापर्यंत चालतात. घरातल्या बाया दिवसभर राबतात, पण सलग अर्धा तास चालणे त्यांच्या वाट्याला येत नाही. स्वयंपाकघरातली धावपळ म्हणजे व्यायाम नव्हे. गच्चीवर, अंगणात, सकाळच्या रस्त्यावर, जिथे जमेल तिथे त्यांच्यासाठी हा अर्धा तास घरातल्यांनीच मोकळा करून द्यायला हवा.

तिसरी गोष्ट तंबाखू. विडी-सिगारेट तर आहेच, पण दात घासायच्या नावाखाली दिवसातून चार वेळा लावली जाणारी मिश्रीही तंबाखूच आहे. चौथी गोष्ट साखर. मधुमेहात धमन्या वयाच्या कितीतरी आधी ताठर होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी 11.4 टक्के लोकांना मधुमेह आणि 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. ज्यांच्या घरात दोन्ही आहेत, त्या घरातल्या तिशी-पस्तिशीच्या मुलामुलींनी वर्षातून एकदा तरी बीपी आणि साखर तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते. 2017 मध्ये देशात सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण मोहिमेच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता.

राहिली गोळी. गोळी सुरू झाली आणि आकडा उतरला की ‘आता बरे झाले’ म्हणून ती बंद करणे ही आपल्याकडची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो. रमजानमध्ये हे हमखास घडते : दुपारची गोळी चुकते, मग महिनाभर चुकतच राहते. रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटले तर बहुतेकांच्या गोळ्यांची वेळ सहरी आणि इफ्तारला बसवून देता येते. कुणाला रोजा झेपणार नाही हेही तेव्हाच कळते. उठताना चक्कर येत असेल तरी गोळी आपल्या मनाने सोडू नये. बसून आणि उभे राहून असे दोन्ही बीपी मोजून डॉक्टरांना दाखवावे. वयस्कर माणसांचा आकडा किती खाली आणायचा, हे तेच ठरवतील.

आणि एक घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना माहीत असू द्या. अचानक तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळू लागले किंवा छातीत दाबल्यासारखे दुखू लागले, तर मालिश, झाडफूक, ‘गॅस झाला असेल’ यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा.

कपाटावरचे ते मशीन आता खाली काढू या. ईद सरली, पाहुणे गेले, घर शांत झाले की दादीला खुर्चीत पाच मिनिटे बसवू या आणि शाळेची एखादी अर्धी राहिलेली वही तिच्या नावाने करू या. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि पाचव्या रकान्यात दोन्हींची वजाबाकी. वजाबाकी नातवंडांनी करावी. सात दिवसांनी ती वही घेऊन सुनेने दादीबरोबर दवाखान्यात जावे. चाचांनाही बरोबर न्यावे, कारण सहासष्टीच्या पुढे त्यांचेही वय फार लांब नाही.